आबांचे घड्याळ आणि जपलेली बॅटरी

गेल्या पावसाळ्यात भातलावणी चालू असताना माझे वडील कार्ल्याच्या आमच्या खाचरात पडले आणि त्यांचा पाय मोडला. त्यांना अधूनमधून चक्कर येते, म्हणून पडल्याबरोबर मला लोणावळ्यात कळवणारे स्मार्टवॉच मी आधीच घेऊन दिले होते. प्रत्यक्षात कळले ते शेजारच्या खाचरातल्या मावशींमुळे. त्यांनी बांधावरून हाळी दिली, ती ऐकून आई धावली आणि मग तिने मला फोन केला.

घड्याळाच्या अटी साध्या होत्या. वडिलांचा फोन जवळपास हवा आणि त्याला रेंज हवी. आमच्या घरी रेंज फक्त स्वयंपाकघराच्या खिडकीत येते, म्हणून फोन कायम तिथेच असतो. वडिलांनी खिडकीखाली पडायचे ठरवले असते, तर यंत्रणा चोख होती. बॅटरी आठवडाभर टिकते, असे खोक्यावर छापले होते. ती दुसऱ्याच दिवशी मान टाकायची.

दवाखान्यात प्लास्टर चढत असताना मी विचारले, "आबा, घड्याळ कुठंय?"

"पिशवीत हाय. चिखलात कोन घालतं एवढी म्हागाची वस्तू?"

"मग तुम्ही पडलात हे मला कळणार कसं?"

"कळलं न्हवं? आन् तूच म्हनलास, बॅटरी जपा. म्हनून मी ते बंदच ठेवतो."

आईने पिशवीतून घड्याळ काढून दिले. ते प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले आणि कोरडे होते. मी चालू करून पाहिले. बॅटरी पूर्ण भरलेली होती.