बॅरिस्टरीची खरेदी आणि डब्यावरचं नाव

मुलीची यादी ईमेलनं आली तेव्हा मी ऑफिसात एका पंपाची तीन कोटेशनं शेजारी शेजारी मांडून बसलो होतो. दोह्यात माझं कामच ते. फुटबॉलच्या विश्वचषकाला अजून तीन वर्षं होती, अल थुमामा स्टेडियमच्या बाजूला आमच्या कंपनीचं पाइपांचं काम चाललं होतं, आणि खिळ्यापासून क्रेनपर्यंत जे लागेल ते वेळेत आणून देणं ही माझी जबाबदारी होती. वेळेत नाही आलं की सगळ्या शिव्या मला, आलं की कौतुक साइटवाल्यांचं. वीस वर्षांत याची सवय झाली होती.

यादी तिनं आईला पाठवली होती. मला नुसती कॉपी. काळे सूट दोन, पांढरे शर्ट पाच, गळ्यात बांधायच्या पांढऱ्या पट्ट्या तीन जोड, काळा झगा, दिवसभर चालता येईल असे सपाट बूट, चाकांची बॅग, आणि एक कायद्याचा ग्रंथ, ज्याच्यासाठी बहुधा ती चाकं होती. शेवटी होता घोड्याच्या केसांचा टोप. त्याच्यापुढे तिनं लिहिलं होतं, ‘नंतर’.

लंडनमध्ये बॅरिस्टर व्हायचं तर परीक्षा पास होऊन भागत नाही. वर्षभर जुन्या वकिलांच्या हाताखाली उमेदवारी करावी लागते. ती जागा मिळवताना तिनं दोन वर्षं नकार पचवले आणि तिसऱ्या वर्षी एका ठिकाणी तिला घेतलं. पहिले सहा महिने कोर्टात तोंड उघडायचं नाही, नुसतं मागे बसून ऐकायचं. आमच्या घराण्यात हे आजवर कुणालाही जमलेलं नाही, त्यामुळे मला खरी काळजी त्या सहा महिन्यांची होती.

एवढी चेष्टा मी मनातल्या मनातच करू शकत होतो. सात वर्षांपूर्वी तिनं पुण्यातली इंजिनिअरिंगची मिळालेली जागा सोडली आणि कायदा शिकणार म्हणून जाहीर केलं, तेव्हा मी तिला म्हणालो होतो, “माझं नाव घालवशील.” ती रडली नाही, भांडली नाही. फक्त त्यानंतर तिनं स्वतःचं नाव दोन शब्दांत लिहायला सुरुवात केली, आपलं नाव आणि आडनाव. मधलं माझं नाव गेलं. आमचं बोलणं चालू राहिलं, पण ते तिकडची थंडी आणि इकडचा उकाडा यापलीकडे जाईना. आता ती उमेदवारीला बसण्याआधी चार आठवडे दोह्याला येणार होती. एकदा ती तिकडे गुंतली की असे चार आठवडे पुन्हा कधी मिळतील सांगता येत नव्हतं. तेवढ्यात मला हे निस्तरायचं होतं.

निस्तरायचं कसं, ते मात्र येत नव्हतं. म्हणून रात्री घरी मी एक्सेल उघडलं. वस्तू, संख्या, पुरवठादार, पोचायची तारीख. ज्या वस्तूला यायला वेळ लागतो तिची ऑर्डर आधी सोडायची, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. टोप लंडनहून यायचा, म्हणून मी त्याला सगळ्यात वर चढवला. ‘नंतर’ हा शब्द मी खोडला. नंतर म्हणणाऱ्यांची कामं मी आयुष्यभर धावपळ करून पुरी केली आहेत.

बायको मागे उभी राहून बघत होती. ती नाशिकची, शब्द वाया घालवत नाही. “अहो, सॉरीला दोन अक्षरं लागतात,” ती म्हणाली, “तुम्ही बत्तीस रकाने भरलेत.”

ऑगस्टमध्ये मुलगी आली. अल हिलालमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये पंखा, एसी आणि ती एकदमच सुरू झाले. दुसऱ्याच दिवशी मी तिला अल मुंतझात एका शिंप्याकडे नेलं. हा गृहस्थ बीडकडचा, बायकामुलं गावाकडे ठेवून बारा वर्षं इथे एकटा राहत होता. त्या दिवसांत नवीन हॉटेलं उघडायची घाई होती आणि त्याच्या दुकानात छतापर्यंत वेटरांच्या जाकिटांचे गठ्ठे होते. मुलगी आत आरशासमोर कापड लावून बघत असताना मी त्याला हळूच सांगितलं, की हिच्या डोक्याचंही माप घे.

“कोटाला डोक्याचं माप कशाला लागतंय साहेब?”

“तू घे तर.”

त्यानं पाठ घेतली, खांदा घेतला, बाही घेतली, आणि शांतपणे टेप तिच्या कपाळाभोवती फिरवला. तिनं माझ्याकडे पाहिलं. शिंपी टेपवरची नजर न हलवता म्हणाला, “काय नाय ताई, कॉलर डोक्यातनं जायला पायजे.” पुढं बटणं असलेल्या कोटाबद्दल हे ऐकून कुठलाही वकील उलटतपासणी घेईल. तिनं घेतली नाही. मला वाटलं, मी जिंकलो.

ती पुन्हा आत गेल्यावर शिंपी मला म्हणाला, “माझी पोरगी बारावीला हाय. कलेक्टर व्हायचं म्हणती.”

“मग तू काय म्हणालास?”

“म्हनलं हो बाई.”

“आणि नाही झाली तर?”

तो दोरा तोडत म्हणाला, “नाय झाली तर नाय. पोरगी कुठं जाती का?”

मला त्या माणसाचा जरा रागच आला. मी सात वर्षांत जे शिकलो नव्हतो ते त्याला वेटरांची जाकिटं शिवताना कळलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून मी लंडनच्या दुकानाला टोपाची ऑर्डर दिली. त्या मापाचा एक तयार होता. सोबत काळा पत्र्याचा डबा मिळतो आणि त्याच्या झाकणावर सोनेरी रंगात वकिलाचं नाव रंगवून देतात. फॉर्मवर लिहिलं होतं, पूर्ण नाव लिहा. मी लिहिलं, पैसे भरले आणि जेवायला गेलो.

पंधरा दिवसांनी सूट आणायला आम्ही दोघंच गेलो. सूट झकास बसला होता. परत येताना रस्ता नेहमीसारखा खोदलेला. सकाळी होता तो रस्ता संध्याकाळी नसायचा, अशी ती वर्षं होती. बॅरिकेडच्या रांगेत आमची गाडी अडकली आणि तिनं मला विचारलं, “बाबा, टोप ऑर्डर केला नाहीत ना?”

“का?”

“बिकॉज आय डोन्ट नीड इट नाऊ. सहा महिने मला बोलायचंच नाहीये. आणि वर्ष संपल्यावर ते ठरवणार, मला ठेवायचं की नाही. दोघं घेतलेत, जागा एक आहे.” ती खिडकीबाहेर बघत होती. “नाही ठेवलं तर तो टोप घेऊन मी काय करू? नुसता बघायचा?”

इतकं मोकळं ती माझ्याशी कित्येक वर्षांत बोलली नव्हती. तेव्हाच मी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, “यल्ला, सुटला बघ रस्ता,” आणि गाडी पुढे घेतली. मंजुरी मिळाल्याशिवाय ऑर्डर सोडायची नाही, हे मी ऑफिसातल्या प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतो.

तिच्या निघण्याच्या दोन दिवस आधी कस्टममधून फोन आला, पार्सल बघायचंय, या. पांढऱ्या कपड्यातल्या तरुण अधिकाऱ्यानं माझ्यासमोर डबा उघडला आणि दोन बोटांनी तो पांढराफेक, वळ्यावळ्यांचा टोप वर उचलला.

“हेअर?” त्यानं विचारलं.

“हॉर्स.”

त्यानं शेजारच्याला बोलावलं. मग तिसराही आला. मला येणारं सगळं अरबी पणाला लावून मी म्हणालो, “मुहामी. फॉर कोर्ट, लंडन. माय डॉटर.” वकील म्हटल्यावर तिघांच्या चेहऱ्यावर एकदम आदर आला. पहिल्यानं टोप अलगद जागेवर ठेवला, झाकण लावलं आणि माझं ओळखपत्र हातात घेऊन झाकणावरचं नाव मोठ्यानं वाचलं. तिचं नाव, माझं नाव, आडनाव. मधल्या शब्दावर बोट ठेवून तो म्हणाला, “धिस इज यू.”

“येस,” मी म्हणालो.

“मबरूक,” त्यानं अभिनंदन केलं आणि शिक्का मारला. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. त्यांच्याकडेही मुलांच्या नावापुढे बापाचं नाव असतं.

मी मात्र पार्किंगमध्ये डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. फॉर्मवर पूर्ण नाव मागितलं की आपल्या माणसाचा हात तीन शब्द लिहूनच थांबतो. शाळेच्या दाखल्यापासून व्हिसापर्यंत मी तिचं नाव असंच लिहीत आलो होतो. तिनं जे नाव विचारपूर्वक बाजूला ठेवलं होतं, ते मी तिच्या डब्यावर सोन्याच्या अक्षरांत रंगवून आणलं होतं, तेही तिनं नको म्हटलेल्या वस्तूवर. इतका घाबरलेला मी ऑडिटलाही कधी नसतो.

घरी बायकोनं सगळी खरेदी पलंगावर रुखवतासारखी मांडली होती. सूट, शर्ट, पट्ट्या, बूट, आणि शिवाय यादीत नसलेला तीन किलो चिवडा. मी डबा मध्ये ठेवला. “मी तुला न विचारता मागवला,” मी म्हणालो. “तू गाडीत बोललीस त्याच्या आधीच.”

तिनं डबा उचलला. उघडायच्या आधी झाकण वाचलं, आणि मग पुन्हा वाचलं.

“हे मुद्दाम केलंत?”

“नाही. सवयीनं झालं. आमच्या साइटवरचा पेंटर थिनर लावून मधला शब्द काढून देईल. उद्या सकाळी नेतो.”

बायको पट्ट्यांच्या घड्या पुन्हा घालत राहिली. मुलगी म्हणाली, “आणि वर्षानं त्यांनी मला नाही ठेवलं तर? मग मी खरंच तुमचं नाव घालवलं असं होईल.”

माझं वाक्य तिनं सात वर्षं जसंच्या तसं ठेवलं होतं. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय हे लपवायची ताकद उरली नव्हती.

“ते मी चुकीचं बोललो होतो,” मी म्हणालो. “त्याच दिवशी कळलं होतं. बोलायला उशीर केला. सॉरी. त्यांनी नाही ठेवलं तर नाही ठेवलं, दोघं मिळून नापास होऊ. तू तिकडे एकटी नापास झालीस तर मी इथे पास होऊन काय करू?”

तिनं झाकण उघडलं, टोप काढला आणि कपाटाच्या आरशात बघत डोक्यावर चढवला. शिंप्याचं माप अचूक होतं. ती स्वतःकडे बराच वेळ पाहत राहिली, मग तिनं तो काढून डब्यात ठेवला आणि झाकणावरून एकदा अंगठा फिरवला.

“पेंटरला सांगू नका, बाबा,” ती म्हणाली.