काळी एकचे मामा

पेटीचं झाकण उघडलं की मामा खिशातून दस्ती काढायचे, सगळ्या पट्ट्या पुसायचे आणि एका काळ्या पट्टीवरच्या लाल ठिपक्यावर बोट टेकवून म्हणायचे, "हे आपलं घर. ज्याला गायचंय त्यानं हितं यावं."

मामा म्हणजे ताडकळसजवळच्या आमच्या शाळेतले शिपाई. घंटा द्यायची, वर्ग उघडायचे आणि सकाळी परिपाठाला पेटी वाजवायची, ही त्यांची कामं. ठिपका नेलपॉलिशचा होता आणि पट्टी होती काळी एक. ज्यांनी पेटी दुरूनच पाहिली आहे त्यांना सांगते, प्रत्येक गळ्याची एक पट्टी असते, तिथून त्याचा सा सुरू होतो. काळी एक ही बाप्यांच्या गळ्याची. त्या पट्टीत बायका आणि पोरी गायल्या की आवाज एकतर विहिरीत उतरतो नाहीतर पत्र्याला जाऊन टेकतो. आमच्या पोरी प्रार्थना म्हणायच्या तेव्हा साऱ्यांना एकदम सर्दी झाल्यासारखं वाटायचं. पण तुम्हीही पाहिलं असेल, शिपाईमामांना कोणी काही सांगायला जात नाही. शाळेच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात.

एका वर्षी आमच्या वस्तीतल्या बायकांनी ठरवलं, भीमजयंतीला विहारासमोर आपण गायचं. तोवर बाप्यांची पार्टी गायची आणि आम्ही खीर वाटायचो. शेतात मजुरीला जाणाऱ्या सहाजणी, मी एक मास्तरीण आणि पुढारीण पारूमावशी. आमचे गळे काळी चारचे. पेटीला मामांशिवाय गावात माणूस नव्हतं. मी विचारलं.

"म्याडम, भाता फाटलाय."

भाता मी सकाळीच बघितला होता, ठणठणीत होता.

"मग बोट दुखायलंय."

"कोणतं?"

मामांनी दोन्ही हातांकडे आळीपाळीनं बघितलं आणि बोट काही ठरेना म्हणून स्वतःच हसले. मग खरं बोलले. "तरुणपणी जिंतूरकडं गायन पार्टीच्या सामन्याला गेलतो. गाणाऱ्यानं मधीच पट्टी चढवली. मला सापडंना. त्यो माईकवर म्हणला, पेटी बंद करा. सगळा मांडव हसला. तवापासून मी घर सोडलं न्हाई."

सांगताना ते हसत होते, पण दस्तीनं तीच एक पट्टी परत परत पुसत होते. मला फार वाईट वाटलं, तरी मी सोडलं नाही. म्हटलं, "मामा, तुम्ही आला नाहीत तर आम्ही पुन्हा खीरच वाटणार."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मामा माझ्या वर्गाच्या दारात उभे. "म्याडम, तुमच्याकडं त्यो लाल रंग हाय का? आमच्या घरची बाटली वाळली."

मी बाटली दिली आणि पेटीला गोवर आला. काळी चारच्या सातही सुरांवर ठिपके. मुख्याध्यापकांनी विचारलं तर मामा म्हणाले, "डागडुजी चालू हाय, सर." शाळा सुटली की ते एकेक ठिपका चाचपत बसायचे. चुकलं की उजव्या कानाची पाळी धरायचे, पेटीची माफी मागितल्यासारखी. महिनाभर त्यांचा तो कान लाल होता.

जयंतीच्या संध्याकाळी पहिलं गाणं ठिपक्याठिपक्यावरून नीट पार पडलं. दुसरं पारूमावशींनी उचलायचं होतं. समोर माईक आणि एवढी माणसं बघून मावशी बावरल्या आणि त्यांनी गाणं ठरल्यापेक्षा वरूनच धरलं. काळी चार गेली कुठल्या कुठे. ठिपके जागच्या जागी राहिले आणि पेटी थांबली. मांडवात कुणीतरी खुसकन हसलं.

मामांनी कानाची पाळी धरली. संपलं, मला वाटलं. मावशींचाही आवाज कापायला लागला. पण मामा या वेळी माफी मागत नव्हते, डोळे मिटून ऐकत होते. तसेच डोळे मिटलेले असताना म्हणाले, "म्हणा मावशी, थांबू नका. मी येतो मागून."

पहिला सूर चुकला. दुसराही चुकला. तिसरा बसला. मग त्यांची बोटं ठिपके तुडवत अशी धावली की मावशींनी पुढचं कडवं कमरेवर हात ठेवून म्हटलं. मांडव टाळ्या वाजवत होता आणि मी गायचं सोडून रडत होते. त्या वर्षी खीर बाप्यांनी वाटली. थोडी करपली होती.

दुसऱ्या दिवशी मामा ब्लेडनं ठिपके खरवडत होते. "लय गर्दी झाली," म्हणाले. काळी एकवरचा तेवढा ठेवला. त्यानंतर त्यांना नादच लागला. प्रत्येक वर्गाला वेगळी पट्टी. एसटीचा हॉर्न वाजला की पळत पेटीकडे. एकदा ऐन शिकवताना मला बाहेर बोलावून त्यांनी आनंदानं सांगितलं, "म्याडम, आपली घंटा पांढरी दोनची हाय!" पोखर्णीपर्यंतच्या बायका त्यांना पेटीला बोलवायला लागल्या.

गेल्या वर्षी मामा निवृत्त होऊन परभणीला लेकाकडे गेले. पेटी माझ्याकडे आली. त्यांनी मला शिकवली होती, पण माझी आपली एकच पट्टी, काळी चार. पहिल्याच परिपाठाला चौथीतल्या एका पोरीनं प्रार्थना भलतीकडूनच सुरू केली आणि मला तिचा सूर सापडेना. पेटी बंद करून मी खाली मान घालून बसले. मधल्या सुट्टीत फोन लावला.

"मामा, मला सापडत नाही हो."

"पोरीला थांबवलं का?"

"नाही."

"मग झालं की. कान धरा, म्याडम."

दुसऱ्या दिवशी साऱ्या शाळेसमोर मी कानाची पाळी धरली. बाईंना कुणी शिक्षा केली म्हणून पोरं खुदखुदली. ती पोरगी मात्र गातच राहिली. माझा पहिला सूर चुकला, दुसराही चुकला, आणि तिसरा बसला.