दिवसातनं दहा वेळा

गुडघे दुखणाऱ्या माणसाचे किस्से होत नाहीत. पाठ धरली, मान आखडली, डोळ्याला नंबर लागला, तर लोक "अरेरे" म्हणतात आणि आपल्या कामाला लागतात. पण एकदा का माणसाचं पोट बिघडलं, की ते त्याचं एकट्याचं राहत नाही. चार माणसं जमली की तुमचं आतडं मध्ये ठेवून गप्पा सुरू. माझ्याकडे असले पाच-सहा वर्षांचे किस्से साठलेत. मी नाही सांगितले तर माझा दोस्त बाबू सांगतो, आणि तो पदरचा मसाला घालतो, म्हणून मीच सांगतो.

मी सर्जेराव. नाव ऐकून लोकांना पैलवान वाटतो. नव्वद सालानंतर दोन-तीन वर्षांनी मी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये लेथवर टर्नर म्हणून लागलो, तेव्हा माझं वजन बासष्ट किलो होतं. दोन वर्षांत ते पंचेचाळीसवर आलं. मोठ्या आतड्याला आतनं जखमा. दिवसातनं आठ वेळा, दहा वेळा जायचं, आणि जाईल तेव्हा रक्त. पण खरं सांगू का, मला त्या रक्तापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. घरात लग्नाचं चाललं होतं. असल्या माणसाला मुलगी कोण देणार, आणि आधी हे सांगायचं तरी कुठल्या तोंडानं?

*

आमच्या शॉपमध्ये संडासला जायचं तर सुपरवायझरच्या टेबलावरचा पितळी बिल्ला उचलायचा. तीस माणसांना दोन बिल्ले. टेबलावर बिल्ला नसला तर असेल तसं थांबायचं, असा नियम.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीआधीच मी सहा वेळा बिल्ला उचलला. सुपरवायझरला वाटलं, हा आत बसून बिड्या ओढतोय. सातव्या वेळी तो मागोमाग आला आणि दारावर थाप मारून म्हणाला, "कडी काढ. काय चाललंय बघू दे मला."

मलाही राग आला होता. मी कडी काढली. म्हटलं, "या, बघा."

त्यानं बघितलं. भांडं लालभडक. एवढा मोठ्या मिशांचा माणूस, पण भिंत धरून उभा राहिला. शेवटी मीच त्याला दंडाला धरून बाहेर आणलं आणि पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी टेबलावर तीन बिल्ले. तिसरा कोरा करकरीत, आणि त्यावर पंचनं ठोकून माझं नाव. तो नाना मगदूमांनी लेथवर काढला होता. नाना आमचे जुने फिटर, जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे, जन्मात कुणाला वाकडं न बोललेले. त्यांनी मायेनंच केलं होतं. पण तीस माणसांच्या देखत संडासच्या बिल्ल्यावर स्वतःचं नाव वाचायला कसं वाटतं, ते मला विचारा. मी तो उचलून भंगाराच्या पेटीत टाकला आणि दिवसभर नानांशी बोललो नाही.

शिफ्ट सुटताना नाना हळूच जवळ आले. म्हणाले, "सर्जेराव, अक्षर जरा बारीक पायजे हुतं का?"

*

बाबू माझ्या शेजारच्या लेथवर. त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांवर एकच औषध, म्हशीचं धारोष्ण दूध. एका संध्याकाळी तो मला दुधाच्या कट्ट्यावर घेऊन गेला. तिथं गवळी म्हशी घेऊन उभे असतात, समोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. बाबू म्हणाला, "तीन ग्लास मार. आतडं लोखंडाचं हुतंय बघ."

मी मारले. कट्ट्यापासून घर सायकलनं दहा मिनिटं. तिसऱ्याच मिनिटाला मला कळलं की आपण घरापर्यंत पोचत नाही. रस्त्यात उघडं दार एकच होतं, पोलीस चौकीचं. सायकल रस्त्यावर टाकली आणि आत पळालो. हवालदार दचकून उठला, पण माझं तोंड बघून त्यानं नुसतं मागच्या बाजूला बोट केलं.

मी आत बसलोय, तर दाराबाहेरनं हवालदाराचा आवाज. "पावणं, किती दिस झालं?"

म्हटलं, "दीड वर्ष."

"जिऱ्याचं पाणी घेतलं का?"

"घेतलं."

"बेलाचा मुरंबा?"

"त्यो बी झाला."

मग दुसरीकडनं एक घोगरा आवाज आला, "साहेब, त्येला म्हणावं ताकात हिंग घालून घे. माझ्या बाला गुण आलाय."

बाहेर येऊन बघितलं तर तो कोठडीतला आरोपी होता. गजाला धरून उभा. मी त्याला नमस्कार केला आणि निघालो.

*

प्रवासाचं मी एक ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी बाहेरगावी जायचं असेल तर आदल्या दुपारपासून तोंडात काही घालायचं नाही. तरीपण पोटाला ते कुठं कळतंय.

एका राइस मिलचा शाफ्ट बसवायला नाना आणि मी एसटीनं गगनबावड्याला निघालो होतो. आषाढ महिना, तिकडचा पाऊस, काचेतनं रस्ता दिसत नव्हता. निम्म्या वाटेत मला घाम फुटला. मी उठून ड्रायव्हरकडे गेलो. "दादा, गाडी थांबवा."

"हितं स्टॉप न्हाय."

"नसू दे. न्हाय थांबवली तर गाडी तुमालाच धुवायला लागंल."

त्यानं करकचून ब्रेक मारला. पुढच्या सीटवरच्या एका म्हातारीनं आपली काळी छत्री माझ्या हातात दिली. रस्त्याखाली झुडपाआड छत्री आडवी धरून बसलो. वरनं पाऊस, आणि खिडक्यांतनं पन्नास तोंडं. तिथं मला रडू आलं. पंचवीस वर्षांचा बाप्या, छत्रीआड बसून हुंदके देत होतो. वाटलं, हे असंच चालायचं असेल तर आपण लग्नाचा विचारच सोडून द्यावा. ज्या बाईला हे दिसेल ती दुसऱ्या दिवशी माहेरी जाईल.

डोळे पुसून वर आलो तर गाडीबाहेर सात-आठ माणसं भिजत उभी. त्यात कंडक्टरही होता. कुणी ह्या झुडपाकडे चाललाय, कुणी त्या. मला वाटलं गाडी बंद पडली.

म्हातारी दारातच उभी होती. म्हणाली, "आण हिकडं ती छत्री. कवाधरनं दम धरून बसलीया मी. तू उठलास म्हणून बरं झालं."

*

आमच्याकडे गावच्या देवीची म्हाई, म्हणजे जत्रा, असते. त्या दिवशी घरोघरी मटण, आणि बोलावलेल्यानं जायचंच. ताट मागं सारलं तर त्या घराचा अपमान. बाबूचं गाव कळंब्याच्या पुढं. त्याच गावातली एक मुलगी मला सांगून आली होती आणि बोलणी जवळजवळ ठरत आली होती. माझ्या लग्नाचं सगळं मामाच्या अंगावर होतं. त्यानं आधीच दम भरला, "पोरीचा चुलता पंगतीला असणार. पोटाचं नाव काढायचं न्हाय. पोटभर जेवायचं, हसायचं आन् यायचं."

बाबूच्या घरची पंगत. मामा माझ्या शेजारी, आणि मुलीचा चुलता माझ्या समोरच बसला होता. माझ्या तोंडाकडे त्याचं लक्षच नव्हतं, सगळं लक्ष ताटात. आमच्याकडं माणसाची तब्येत ताटावरनं ओळखतात. मी दोन भाकरी रगडल्या, तांबड्या रश्शाच्या चार वाट्या प्यालो. आतनं कुणी पेटता काकडा फिरवतंय असं होत होतं. वर मी हसत होतो.

बाबूची आई वाढत होती. तिला बाबूनं घरी सगळं सांगितलेलं. प्रत्येक फेरीला ती माझ्याकडे बघायची आणि पुढं जायची. पाचव्या फेरीला मामाच ओरडला, "वाढा की त्येला. लाजतोय त्यो."

तिनं पातेलं दाणकन खाली ठेवलं. "माणसं हायसा का कोण? लेकराला रगात पडतंय, आन् त्येला रस्सा वाढा म्हणताय व्हय?"

सगळ्या पंगतीचे हात थांबले. मामाचा घास तोंडाजवळ तसाच राहिला. चुलत्यानं पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. बाबूच्या आईनं माझं ताट उचललं, आतनं गुरगुट्या भात आणि ताक आणलं, आणि संपेपर्यंत माझ्यासमोर बसून राहिली. लाजेनं मान वर होत नव्हती, पण खोटं कशाला सांगू, वर्षभरात तेवढं चांगलं मी काही खाल्लं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच निरोप आला. मुलीला अजून शिकायचं आहे. तिनं सातवीतनं शाळा सोडून सहा वर्षं झाली होती.

*

त्यानंतर एकदाची दुर्बिणीची तपासणी झाली. नाना सोबत आले होते. मी कुशीवर झोपलेला, नळी आत, आणि डॉक्टरांनी टीव्ही माझ्याकडे वळवला. आमच्या घरी तेव्हा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही. रंगीत टीव्हीवर मी पहिल्यांदा निवांत काय बघितलं असेल तर ते माझं आतडं.

नाना टोपी काढून स्क्रीनजवळ वाकले. ओतकामात हवेची भोकं राहिलीत का तपासतात, तसे डोळे बारीक करून म्हणाले, "कास्टिंग बरं हाय, पर आतनं ब्लोहोल पडल्यात."

डॉक्टर म्हणाले, "अगदी बरोबर."

"मग मशीन मारून साफ न्हाय व्हायचं?"

"नाही. गोळ्या घ्यायच्या. मध्ये मध्ये कमी होईल, परत वाढेल. जन्मभराची सोबत आहे ही."

तेवढ्यात मी तशाच अवस्थेत विचारलं, "डॉक्टर, लग्न केलं तर चालंल?"

डॉक्टरांचा हात थांबला. ह्या अवस्थेत त्यांना असला प्रश्न कुणी विचारला नसावा. जरा सावरून म्हणाले, "करा की. फक्त आधी सांगून करा."

हे मी मामाला सांगितलं. मामा म्हणाला, "त्येला काय जातंय सांगायला. त्येचं लगीन झालंय."

*

पुढची मुलगी गडहिंग्लजकडच्या एका खेड्यातली. आप्पा म्हणजे माझे वडील, मामा आणि मी असे तिघं गेलो. एसटीत बसायच्या आधी मामानं माझ्याकडनं आईची शपथ घेतली. ह्या वेळी आजाराचा एक शब्द काढायचा नाही.

पुढच्या सोप्यात आम्ही बसलो. मुलगी पोहे घेऊन आली. सुनंदा नाव. मामानं नाव विचारलं, शिक्षण विचारलं, भाकरी येते का विचारलं. तिनं खाली मान घालून उत्तरं दिली आणि आत गेली. मी आदल्या दिवसापासून उपाशी, त्यात चार घास पोहे गेले, आणि पोटात कळ आली.

मी तिच्या भावाला हळूच विचारलं, "संडास कुठं हाय?"

त्यानं आतनं टमरेल भरून आणलं, मला मागच्या दारी नेलं आणि उसाच्या फडाकडे हात केला. "त्या बांधानं सरळ जावा. डावीकडं जाऊ नगासा, तिकडं बायकांचं हाय."

भर दुपार. परत आलो तेव्हा भाऊ पुढं पाव्हण्यांत जाऊन बसला होता, आणि मागच्या दारी दगडापाशी सुनंदा तांब्या घेऊन उभी. "अव्वानं पाठवलं पाणी घालायला," म्हणाली. तिकडं आईला अव्वा म्हणतात.

ती हातावर पाणी घालायला लागली. आणि मला एकदम सगळ्याचा वीट आला. शपथेचा, मामाचा, त्या पोह्यांचा. म्हटलं, होऊ दे काय व्हायचं ते.

"एक सांगतो. हे आजचंच न्हाय. दिवसातनं आठ-धा वेळा जायला लागतंय मला. रक्त पडतंय. डॉक्टर म्हणतात, जन्मभर राहणार."

आता तांब्या खाली ठेवून ती आत जाईल असं वाटलं. पण धार थांबली नाही. माझ्याकडे न बघता तिनं विचारलं, "मग जाता कुठं तुम्ही?"

"घरात संडास हाय. मागं परड्यात. माझ्यासाठी आप्पांनी दुसरा बी बांधला."

"दोन?"

"दोन."

"दाराला कडी हाय?"

"हाय की."

तिनं स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून घेतलं. आवाज अगदी खाली आणला. "बायकांनी दिवसा गेलं तर चालतंय?"

मी "व्हय" म्हणालो.

तिनं तांब्या दगडावर ठेवला, पदराला हात पुसले आणि माझ्या पुढं चालायला लागली. सोप्यात मामा तिच्या वडिलांना माझी तब्येत किती ठणठणीत आहे ते सांगत होता. ती उंबऱ्यात उभी राहिली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "मला पसंत हाय."

तिला अजून कुणी विचारलंच नव्हतं.