उत्तम वाचकाचा सत्कार

हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, बूढापाऱ्यातल्या छोट्याशा मराठी वाचनालयानं गेल्या वर्षी मला ‘उत्तम वाचक’ ठरवलं. सर्वांत जास्त पुस्तकं माझ्याच कार्डावर गेली होती. ती मी स्कूटरवरून घरी न्यायचो, एवढं खरं. वाचायची बायको. मी पहिलं पान, शेवटचं पान आणि मलपृष्ठ बघायचो. तेवढ्या भांडवलावर रेल्वेच्या ऑफिसात तीस वर्षं साहित्यावर बोललो. कोणी अडवलं नाही, कारण बाकीच्यांनी मलपृष्ठही पाहिलं नव्हतं.

सत्काराला चाळीसेक लोक जमले. शाल झाली, नारळ झाला. मग मी वाचनाच्या आनंदावर बोललो. पुस्तक हाती आलं की मी जग विसरतो, म्हणालो. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, “कोणाले काही विचारायचं आहे काय?”

दुसऱ्या रांगेतून बायको उभी राहिली.

“मागच्या महिन्यात तुमी कादंबरी नेली होती, त्यातली बाई घर काहून सोडते?”

मी घसा खाकरला. “स्त्रीमनाच्या घुसमटीचा तो उद्रेक आहे.”

अध्यक्षांनी मान डोलावली.

“घर सोडतच नाही ते. नदीवर जाते, भांडे घासते अन् वापस येते.”

अध्यक्षांनी पुन्हा तशीच मान डोलावली. ही कादंबरी वाचनालयासाठी त्यांनीच निवडली होती. लोक मात्र पोट धरून हसले.

घरी जाताना मी स्कूटरवर विचारलं, “चारचौघांत असं काहून केलं?”

“तीस वर्षं वाट पाहिली,” ती मागून म्हणाली. “एखादं तरी वाचान, मंग दोघं बोलू त्याच्यावर. आपले पोट्टे तर हिंदीतच उत्तर देतात. मी बोलू कोणासंगं?”



दुसऱ्या दिवशी कार्ड तिच्या नावावर केलं आणि तिनं सांगितलेलं एक पुस्तक स्वतःसाठी आणलं. रोज सकाळी तेलीबांधा तलावाकाठी बाकावर बसून वाचायचो. पहिला आठवडा दोन ओळी झाल्या की हात मोबाइलकडे जायचा. मग कधीतरी तो जायचा थांबला. गोष्टीतल्या म्हाताऱ्याची म्हैस आजारी पडली, तेव्हा मी पुस्तक घरी आणून जेवतानाही उघडं ठेवलं.

बायकोनं वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. “काय झालं?”

“काही नाही. डोळ्यात कचरा गेला.”

“हव,” ती म्हणाली. “एकशे बाराव्या पानावर माझ्याही गेला होता.”