अभिषेकाची धार आणि मोटारीचा ब्रेक

मोटारीचा ब्रेक एकदाचा गेला, तर माणूस गाडी उभी करतो आणि दुरुस्तीला लागतो. माझ्या गाडीचा ब्रेक जातही नव्हता आणि राहतही नव्हता. एका वळणावर पाय ठेवला की पेडल दगडासारखं टणक लागायचं आणि पुढच्या वळणावर तेच पेडल लोण्यात पाय घालावा तसं थेट फळीपर्यंत खाली जायचं. भराभर दोन-चारदा दाबलं की पुन्हा वर यायचं, जणू काही झालंच नाही. कायम लबाडी करणाऱ्या माणसाशी एक वेळ जमवून घेता येतं, कारण त्याचा स्वभाव ठाऊक असतो. ही गाडी मात्र रोज सकाळी मला आशा लावायची आणि दुपारपर्यंत तोंडघशी पाडायची.

निजामाचं राज्य होतं आणि लढाईचे दिवस होते. पेट्रोल मोजून मिळायचं, आणि सुटा भाग मागायला गेलं तर दुकानदार नुसता हसायचा. एका वकीलसाहेबांनी कंटाळून काढून टाकलेली जुनी मोटार मी घेतली होती आणि धाराशिवहून तुळजापूरला भाविकांच्या फेऱ्या मारत होतो. रोज देवीच्या दारात जायचो, पण मनातून माझा सगळा भरवसा पान्यावर आणि पकडीवर. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, अगदी उलटे. त्यांना विहिरीच्या मोटेत देव दिसायचा, उंबऱ्यात दिसायचा आणि गाडी दारात आल्यापासून गाडीतही दिसायला लागला होता. मी त्यांची थट्टा करायचो. ते माझ्याकडे दुर्लक्ष करायचे, आणि त्या कामात त्यांचा हात कुणी धरला नसता.

ब्रेकचा हा खेळ नवरात्र संपलं तेव्हा सुरू झाला. मी चारही चाकं खोलली. तेलाची ओल कुठंच नव्हती. चाकांकडे जाणाऱ्या नळ्या बोटांनी चाचपल्या, त्या धड होत्या. चाकाला घासून ते थांबवणारे लायनर जवळ घेऊन बसवले. मग वाटलं, तेलात हवा शिरली असणार. ड्रायव्हरच्या पायाखाली फळी असते, ती उचलली की ब्रेकच्या तेलाची डबी दिसते. पेडल दाबलं की त्या डबीतलं तेल चाकांकडे जोर लावतं, आणि तेल कमी पडलं तर डबीतूनच भर घेतं. मी डबीचं झाकण काढून तेल भरायचो, अण्णांना सीटवर बसवायचो आणि गाडीखाली पाठीवर पडून हवा काढायचो. मी खालून “दाबा” म्हणायचो, ते वरून “दाबलं बाबा” म्हणायचे. झाकण लावून गाडी फिरवली की ब्रेक असा झकास लागायचा, की मी स्वतःचीच पाठ थोपटावी. दुसऱ्या दिवशी थोडी वाट कापली की पुन्हा पेडल खाली. या दोन्ही गोष्टींचा मेळ मला लागत नव्हता. मी तुळजापूरच्या पुढं घाट उतरणं बंद करून टाकलं आणि सपाटीवरच्या फेऱ्यांवर भागवू लागलो.

अशातच अण्णा आजारी पडले. त्यांना जुना अंतर्गळ होता, जांघेत आतड्याचा फुगवटा उतरायचा. आडवं झालं की तो आपसूक आत जायचा, म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी तो बाहेर आला आणि आत जाईना. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, चेहरा मातीसारखा झाला. वैद्यांनी पोटाला हात लावला आणि मला बाहेर बोलावलं. “आतडं अडकलंय. सोलापूरला न्या, आजच चिरावं लागंल. उद्यावर टाकलंत तर अण्णा तुमच्या हाती लागायचे न्हाईत.” बैलगाडीनं जायचं तर दिवस तिथंच संपला असता. दारात मोटार होती, आणि सोलापूरच्या वाटेवर घाट होता.

मी अण्णांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघालो. तुळजापूरपर्यंत ब्रेक शहाण्यासारखा वागला. गाव ओलांडून घाटाच्या तोंडाशी आलो, सहज म्हणून पेडल दाबून पाहिलं, आणि पाय फळीला टेकला. पुन्हा दाबलं, अर्ध्यावर आलं. पुन्हा दाबलं, परत खाली. मी हातब्रेक ओढून गाडी कडेला घेतली आणि चाकाखाली दगड लावला. समोरून माल भरलेल्या गाड्या चढून येत होत्या. हातब्रेकवर त्या उतारात, त्या वळणांवर गाडी आवरणं शक्य नव्हतं.

मागून अण्णांचा आवाज आला, “थांबलास का रं?”

“अण्णा, ब्रेकचा काय भरवसा न्हाय. खाली घाट हाय.”

“आईच्या दारातनं चाललोय न्हवं? तिचं नाव घे आन सोड गाडी.”

“नाव तुमी घ्या. चाक मला धरायचंय.”

एवढ्या कळांतही ते हसले, आणि त्या हसण्यानं त्यांना पुन्हा उलटी आली. मग म्हणाले, “घोटभर पाणी आण. तोंड ओलं करतो.” मी गाडीतून उतरलो. गाडी सोडावी तर दोघं दरीत, थांबावं तर अण्णा डोळ्यांदेखत जाणार. मी आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हाक मारली. आई, माझी अक्कल संपली, मला जे दिसत नाही ते दाखव, एवढंच म्हणालो. सुटू दे, वाचव, असलं काही मागायचं सुचलंच नाही.

रस्त्याच्या खालच्या अंगाला चिंचेखाली महादेवाचं लहानसं देऊळ होतं. आत गुरवाघरची एक म्हातारी पिंडीपाशी बसली होती. पिंडीवर तिवईला तांब्याचं अभिषेकपात्र टांगलं होतं. त्याच्या बुडाच्या बारीक भोकातून दिवसभर धार पडायची, आणि कुणाच्या तरी नवसाची ती धार तिनं राखायची होती. पण धार बंद पडली होती. वाऱ्यानं चिंचेचा पाला आत पडतो म्हणून तिनं पात्राच्या तोंडावर ओला फडका घालून वर ताटली दाबून बसवली होती, आणि आता ती दर्भाच्या काडीनं खालचं भोक टोकरत होती. कुठं काही तुंबलेलं दिसलं की माझा हात गप्प बसत नाही. पाणी मागायचं सोडून मी खिशातली तार काढली आणि म्हणालो, “सरा आक्का, भोकात कचरा आसंल.” तार सरळ आत गेली. एक थेंब पडला आणि पुन्हा सगळं कोरडं.

“पानीच सरलं का काय बगते,” म्हणत आक्कांनी वरची ताटली आणि फडका उचलला. त्याच क्षणी खाली धार लागली. पाणी काठोकाठ होतं. “आली बाबा धार. महादेवाची मर्जी,” असं म्हणून त्यांनी हात जोडले आणि पुन्हा झाकण ठेवलं. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

“आक्का, ते झाकण काढा बरं.” त्यांनी काढलं. धार सुरू. “आता परत झाका.” धार बंद. “परत काढा.” आक्कांनी माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू पोराला उन्हाचा झटका बसला असावा. “खेळ हाय व्हय रं देवाम्होरं?” त्या म्हणाल्या. पण मला आता पिंडी दिसत नव्हती, माझ्या गाडीतली तेलाची डबी दिसत होती. वरून वारा शिरला नाही तर खालून पाणी उतरत नाही. मग माझ्या डबीत वारा कुठून शिरतो? मी झाकण काढून तेल बघितलं की ब्रेक बरा होतो, झाकण लावून चाललो की थोड्या वेळानं तेल उतरेनासं होतं. गुण तेलाचा नव्हता, हवा काढण्याचाही नव्हता. गुण झाकण उघडण्याचा होता. मी पाणी विसरलो आणि चप्पल तिथंच टाकून चढावर पळत सुटलो.

फळी उचलली. डबीच्या झाकणावर कुंकवाचा आणि तेलाचा बोटभर थर होता, वाळून लाखेसारखा टणक झालेला. हे काम अण्णांचं. गाडी दारात आली तेव्हा मी त्यांना फळी उचलून दाखवलं होतं, की बघा, आपला जीव या डबीवर आहे. तेव्हापासून दर मंगळवारी ते वाकून त्या झाकणाला तेल-कुंकू लावायचे, आणि नवरात्रात तर रोज लावलं होतं. मी झाकण काढायचो ते कडेला धरून, कुंकू विस्कटू नये म्हणून जपून, आणि तसंच सुलटं फडक्यावर ठेवायचो. उलटून बघायचं कधी मनातच आलं नव्हतं. आज आटे सैल केले तेव्हा सुस्स करून आत वारा शिरला. तो आवाज मी याआधीही ऐकला असणार, पण त्या दिवशी तो माझ्याशी बोलला. झाकण उलटं केलं. मधोमध वारा आत यायला ठेवलेलं सुईच्या नेढ्याएवढं भोक होतं, कुंकवानं गच्च भरलेलं.

मी आतून तार घातली. लाल खपली निघाली आणि भोकातून उजेड दिसला. तेल भरलं, झाकण लावलं, पेडल दाबलं. टणक. पुन्हा दाबलं. टणक. मी वेड्यासारखा दाबत राहिलो आणि ते दर वेळी तिथंच, पायाला हवं तिथं, थांबत राहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी हसत होतो. एवढ्यात आक्का माझी चप्पल आणि पाण्याचा तांब्या घेऊन धापा टाकत वर आल्या. त्यांनी अण्णांचे ओठ ओले केले, त्यांच्या कपाळावरून हात फिरवला आणि मला म्हणाल्या, “जा आता. उगं थांबू नगंस.”

तो घाट मी कसा उतरलो ते आठवलं की आजही छाती भरून येते. पहिल्या वळणावर जीव मुठीत होता, दुसऱ्यावर पाय निवांत झाला, आणि पुढं तर मला गाणं म्हणावंसं वाटू लागलं. एका अवघड वळणावर शेंगांची पोती भरलेली बैलगाडी अचानक समोर आली. मी पाय दाबला आणि गाडी बैलांच्या शिंगांपासून हातभर अंतरावर शांतपणे उभी राहिली. गाडीवाला मला शिव्या देत होता आणि मी त्याला हात जोडत होतो. निजामाच्या सरहद्दीवर, जकात घेणाऱ्या करोडगिरीच्या नाक्यावर, शिपायानं मागच्या सीटकडे एकदा पाहिलं आणि “जल्दी ले जाव” म्हणून दांडी वर केली.

दवाखान्यात अण्णांना लगेच आत नेलं. डॉक्टर बाहेर आले तेव्हा म्हणाले की आतडं काळं पडू लागलं होतं, आणखी उशीर झाला असता तर पोट उघडून काही उपयोग नव्हता. मी तिथंच जमिनीवर बसलो. कुणी विचारलं तर चमत्कार झाला असं मी म्हणणार नाही. झाकलेल्या भांड्यातून पाणी पडत नाही, यात चमत्कार कसला? पण मी हाक मारली त्याच वेळी ती धार का थांबलेली असावी, आणि माझ्यासमोरच ती का सुरू व्हावी, याचं उत्तर माझ्या पेटीतल्या कुठल्याच पान्याला सापडलेलं नाही. मला इतकं कळलं, की आपली अक्कल संपली असं खरोखर कबूल केल्यावर माणसाला समोरचं नीट दिसायला लागतं. तेवढं दिसू देण्याची कृपा आईची. पेडल दाबायला पाय आपलाच लागतो.

अण्णा बरे होऊन घरी आले. मी त्यांना काहीच सांगणार नव्हतो, पण मंगळवारी ते काठी टेकत तेल-कुंकवाचं तबक घेऊन गाडीपाशी आले, तेव्हा सांगावं लागलं. त्यांचा चेहरा मला बघवेना. मग हळूच म्हणाले, “म्या तर तुझ्यापायीच लावत हुतो रं. आता कुठं लावू?”

मी त्यांच्यासमोर खाली बसलो आणि म्हणालो, “अण्णा, माझ्या कपाळाला लावा.” त्यांनी तेलात बोट बुडवलं, कुंकवावर टेकवलं आणि माझ्या कपाळावर ठेवलं. तिथंच ते टेकून राहिलं, आणि मीही मान हलवली नाही.