शनिवारी न घेतलेली चावी

नागपूरहून कोराडीला जाताना आधी दिसतात त्या वीजकेंद्राच्या चिमण्या. गाव, तळं, देऊळ सगळं मागाहून. कोळशाच्या ट्रकांमागून आमची बस रडतखडत चालली होती आणि खिडकीच्या दांडीवरून बोट फिरवलं की राख निघत होती. आमच्या वाईकडच्या माणसाला ही हवा मानवायची नाही, असं मनात म्हणत मी कॉलनीच्या फाटकाशी उतरलो. समोर वासुदेव उभा होता. नाशिकच्या वीजकेंद्रात शिकाऊ म्हणून लागलो तेव्हा आम्ही एका खोलीत राहायचो. पुढं मी ती नोकरी सोडली, त्यानं धरून ठेवली.

"बरा वेळेवर आला गा दत्ता," तो म्हणाला. "उद्या उमरेडले जायचं आहे. बाबानं बोलावलं."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिलो. उमरेडला त्यांचा हातमाग. एकुलत्या एका पोरानं माग टाकून नोकरी धरली, म्हणून म्हाताऱ्यानं त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. वासुदेवनं जुनी मोटार घेतली तेव्हा तर 'तुझ्या गाडीत पाय ठेवणार नाही' असं चारचौघांत सुनावलं होतं. आता म्हातारा अंथरुणाला खिळला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि निरोप आला होता: गाडी घेऊन ये, एकदा बसून पाहतो.

रात्री वहिनींनी गोळाभात (भातात शिजवलेले वाटल्या डाळीचे गोळे, वर फोडणीचं तेल) केला होता, त्यावर भरपूर सांबार (कोथिंबीर). मी पोटभर जेवलो. वासुदेव भात नुसता चिवडत बसला.

सकाळी निघालो. गाडीची चावी कुलपात सैल झाली होती. ती जरा ओढून, दाबून, एका बाजूला तिरकी धरून फिरवली तरच करंट यायचा, आणि खड्डा आला की जायचा. नागपुरातल्या सदर भागापर्यंत अशी तीनचारदा बंद पडली. सदरच्या ऐन चौकात मात्र चावी नुसतीच गोल फिरू लागली आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. रस्त्यावरच्या दोन भल्या माणसांनी ढकलून ती जवळच्या गॅरेजात नेली.

मिस्त्री दाढीवाला, वयस्कर. त्यानं चावी फिरवून पाहिली, वाकून डॅशबोर्डच्या मागं हात घातला.

"स्विच गेला साहेब. अंदरचं कुलूपही घासून गेलं. समोर दुकानात नवा मिळते, चावीसकट. घेऊन या, आत्ता बसवून देतो."

वासुदेव दुकानाच्या पायरीपर्यंत गेला आणि परत आला.

"आज शनिवार आहे," तो म्हणाला.

शनिवारी लोखंड विकत घेत नाहीत हे आपल्याकडेही आहे, पण मोटारीचा स्विच त्यात कोण धरतो? मी तसं म्हणालोही.

"आजारी माणसाच्या दारात शनिवारचं लोखंड नेत नाहीत."

"मग डायरेक्ट करून देतो ना," मिस्त्री म्हणाला. "दोन तारा जोडल्या की गाडी चालू. जाऊन या उमरेडले. स्विच नंतर टाकू."

"बाप पयल्यांदा गाडीत बसन, अन् त्याच्यासमोर तारा लोंबून राहतीन?"

"अरे, मग एसटीनं जाऊ!" मी आता चिडलोच होतो.

"बुढ्यानं गाडी बोलावली गा. मले नाही."

मी शेजारच्या टपरीवर जाऊन तर्रीपोहे (पोह्यांवर चण्याचा जाळ रस्सा) खाल्ले. नाकाडोळ्यांतून पाणी आलं, राग काही गेला नाही. गाडी तिथंच ठेवून आम्ही बसनं कोराडीला परतलो.

दुकानदार दुकानावरच राहायचा. रविवारी सकाळी त्यानं खाली येऊन स्विच काढून दिला. मिस्त्रीनं आधी बॅटरीची तार सोडवली, जुन्या स्विचच्या तारांना वेगवेगळ्या रंगाचे दोरे बांधले, मग नट काढून तो झिजलेला गोळा बाहेर ओढला. नवा बसला, चावी फिरली, पहिल्या झटक्यात इंजिन लागलं. वासुदेवनं तीनदा बंद-चालू करून पाहिलं.

उमरेडचा रस्ता देखणा आहे. दोन्ही बाजूंना तूर उभी होती, मधूनच कापूस फुटलेला. गल्लीत वळलो तर घरासमोर माणसं जमलेली, पुरुष टोप्या काढून बसलेले. वासुदेवनं गाडी तिथंच थांबवली.

म्हातारा पहाटे गेला होता.

त्याची आई ओट्यावर भिंतीला टेकून बसली होती. रडून रडून आवाज बसला होता. "काल काहून नाही आला बाबू? दिवसभर वाट पाहिली त्याईनं. धुतलं धोतर नेसवून मागितलं, टोपी घातली. मोटार वाजली की मले म्हणत, पाह्य वं, आला का."

"गाडी बिघडली होती आई. नवा स्विच टाकायचा होता." वासुदेव म्हणाला. "काल शनिवार होता."

तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला. "मंग बरं केलं. त्याईनंही नसतं घेतलं."

म्हातारा खांद्यावरूनच गेला. गाडी गल्लीच्या तोंडाशी होती, तिच्या बाजूनं आम्ही तिरडी काढली.

अस्थी सावडून झाल्यावर मी निघालो. सुतकात वासुदेव गाडी चालवणार नव्हता, म्हणून मला पोचवायला स्टँडपर्यंत अनवाणीच आला. डोकं भादरलेलं, अंगावर पंचा. बस लागलेली होती. तो एकदम म्हणाला, "दत्ता, शनिवार-बिनिवार मी कधी पाळला गा? दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो अन् वाटलं, आता खरंच जावं लागते. काय बोलू त्याच्यासंग? मिस्त्री डायरेक्ट करून देतो म्हणाला, तवा तारांचं निमित्त काढलं. एक रात्र भेटली, मले बरं वाटलं."

"आईला सांगितलंस?"

"तिले कसं सांगू? ती येईल त्याले सांगून राहिली, माह्या पोरानं बापासाठी शनिवार पाळला म्हणून."

त्याचा हात धरून उभा राहिलो. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा चढलो.

वाईला आल्यावर लोक विचारतात, काय पाहिलं नागपुरात? मी चिमण्या सांगतो, गोळाभात सांगतो. वासुदेवचं कुणाला सांगवत नाही, आणि आठवलं की जीव तुटतो. शनिवारी आम्ही पोचलो असतो तर गोडीगुलाबी झाली असती असंही नाही. ते दोघं बहुधा भांडलेच असते. पण भांडायला का होईना, म्हातारा गाडीत बसला असता.