मामांच्या दोन बरण्या

आमचे मामा धरणावर पाण्याचे नमुने घेतात. तीस वर्षं बाटल्याच भरल्या, पण बोलणं असं की धरण जणू त्यांनीच बांधलं.

काठावरच्या झाडांचा पाला पडून पाणी तांबूस होतं, म्हणून नव्या साहेबांनी ती तोडायचं ठरवलं. मामा तडक त्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

“साहेब, त्या पाल्यावर पाणपिसवा, पाण्यातले बारीक जीव, जगतात आणि पिसवांवर माशांची पिल्लं!”

“पिसवा शेवाळ खातात हो. पाला म्हणजे कचरा. दाखवा जगवून, मग बोलू.”

मामांनी मामीच्या दोन बरण्या ढापल्या. दोन्हींत गाळलेलं पाणी भरून धरणातल्या, मोहरीहून लहान अशा दहा-दहा पिसवा सोडल्या. पाला मात्र एकीतच. ऊन लागून शेवाळ धरू नये म्हणून बरण्यांना काळं कापड गुंडाळून त्या कपाटात ठेवल्या.

मामी रोज विचारायची, “अहो, लेकरं जेवली का तुमची?”

तीन आठवड्यांनी साहेब घरी आले. मामांनी कापडं सोडली. नुसत्या पाण्यात सामसूम होती. पाल्याच्या बरणीत मात्र ठिपकेच ठिपके टुणटुण उडत होते! साहेब चाळीसपर्यंत मोजून थकले.

“पण ह्या पाला चावतात कशा?”

“पाला कुजवतात जंतू, साहेब. जंतूंना खातात पिसवा.”

“राहू द्या झाडं,” साहेब हसून म्हणाले.

मामा फुगून दुप्पट झाले. मग हळूच मामीकडे वळले, “बरण्या धुऊन देतो हं.”

“राहू द्या,” मामी म्हणाली. “एवढ्या नातवंडांना आता कुठे हाकलू?”